तपकिरी डोळ्यांचा हस्की

पत्रक लिहायला मला वेळ लागत नाही. कॉलेजात असताना टँकरवर, बसपासवर, वसतिगृहाच्या जेवणावर इतकी पत्रकं लिहिली की चिडले की डोक्यात वाक्यं आपोआप ठळक अक्षरांत उमटतात. एका जुन्या कार्यकर्त्याने शिकवलं होतं, रस्त्यावरचा माणूस कागद घेतो आणि पुढच्या कचराकुंडीपर्यंत चालतो, तेवढ्यात जे वाचून होईल ते तुझं, बाकीचं कुंडीचं. म्हणून ओळी छोट्या. ‘पण’ नको, ‘काही वेळा’ नको, ‘शक्यतो’ तर बिलकूल नको.

त्या उन्हाळ्यात मी चिडले होते ती कुत्र्यांवरून. कुत्र्यांवर नव्हे, माणसांवर.

बर्फावरून गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांची आमच्या शहरात लाट आली होती. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, ज्या गावात एप्रिलच्या दुपारी डांबर चपलेला धरून ठेवतं, तिथे लोक ही केसाळ जनावरं संध्याकाळी साखळीला लावून हिंडवत होते आणि त्यांची रीलं काढत होते. जनावर जिभेने श्वास घेतंय आणि मालक कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. मे महिना आला की यातली निम्मी कुत्री ‘पळून’ जायची. आम्ही पाच जण होतो. पळालेली उचलायची, मालक सापडला तर त्याला पोचवायची, नाही तर घर शोधायचं. मालकाला द्यायच्या आधी अर्धा तास भाषण. भाषण माझ्याकडे.

विकणाऱ्यांचा धंदा वेगळाच. या कुत्र्यांच्या दोन जाती इथे खपायच्या, हस्की आणि मालाम्यूट. गिऱ्हाइकाने हस्की मागितला की हातातलं पिल्लू हस्की, मालाम्यूट मागितला की तेच पिल्लू मालाम्यूट. दोन्ही राखाडी-पांढरे, दोघांच्या तोंडावर मुखवट्यासारखी खूण, दोघांचे कान उभे. घेणाऱ्याला काय कळतंय. मी फोनवर बसून वाचून काढलं आणि एका ठिकाणी मला हवं ते सापडलं: मालाम्यूटचे डोळे नेहमी तपकिरी, निळे कधीच नसतात. मी पत्रकाच्या मधोमध चौकटीत छापलं:

निळा डोळा – हस्की. तपकिरी डोळा – मालाम्यूट. फसू नका.

खाली आमचा नंबर.

गुलमंडीत कापडाच्या दुकानांच्या मागच्या बोळात आमचा नेहमीचा छापखाना आहे. मालक चष्मा कपाळावर चढवून प्रूफ वाचतात. त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं.

“एवढं सोपं असतं का हे, बाई?”

“सोपं नसतं, काका. सोपं करावं लागतं.”

हे उत्तर मला इतकं आवडलं की पुढच्या दोन दिवसांत मी ते तिघांना सांगितलं.

आठवडाभरात चिकलठाण्याहून फोन आला. जुन्या वसाहतीतल्या एका बंद कारखान्याचा वॉचमन. चहाच्या टपरीवर चिकटवलेल्या आमच्या पत्रकावरून नंबर घेतला होता.

“मैडम, तुम कुत्तेवालेच ना? हमारे गेट पे लांडगा आके बैठेला है. काटता नै, सिरिफ देखता.”

आमच्यातल्या एकाची रिक्षा आहे, तिच्यातून गेलो. पाण्याच्या टाकीखाली गळतीने जी ओल झाली होती तिच्यात पोट टेकून एक नर कुत्रा पडला होता. राखाडी-पांढरा. केसांच्या गाठी, पट्टा नाही, बरगड्या हाताला लागत होत्या. मी त्याची हनुवटी उचलून डोळे बघितले. तपकिरी.

“मालाम्यूट,” मी म्हटलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

“नाम है उसका?” वॉचमनने विचारलं.

“जात आहे.”

“हौ? उसकू मालूम है क्या?”

रिक्षावाला हसला. मी हसले नाही.

त्याला माझ्या खोलीवर आणलं, कूलरसमोर बसवलं आणि फोटो टाकला. ‘मालाम्यूट सापडला आहे.’ दुसऱ्या दिवशी एक तरुण ठेकेदार आला. चिकलठाण्याच्याच बाजूला नव्या सोसायट्या उभ्या राहतायत, त्यातल्या एकीत राहणारा. गॉगल, पांढरा शर्ट, हातात माझंच पत्रक. याला बघताक्षणी मी ठरवून टाकलं: रीलवाला. तयार झालेला मोठा मालाम्यूट त्याने पुण्याहून आणला होता आणि तो पंधरा दिवसांत बांधकामावरून पळाला होता.

तो दारातूनच कुत्र्याकडे बघत राहिला. “हाच का हो?”

“मला काय विचारता? कुत्रा तुमचा.”

“लई वाळलाय. घेऊन पंधराच दिवस झाले होते मॅडम, त्यातले दहा दिवस मी दुसऱ्या साइटवर. खायला बांधकामावरचा वॉचमनच घालायचा, आता तो बी गावी गेलाय.” तो खाली बसला, डोळे बघितले, पत्रक बघितलं. “तपकिरी. म्हणजे आपलाच. तुमच्या कागदावरच हाय की.”

कुत्र्याने त्याचा हात चाटला. ही कुत्री कुणाचाही हात चाटतात, चोराचाही. मी त्याला अर्धा तास उभं करून भाषण दिलं, दुपारी गच्चीवर बांधणार नाही असं लिहून घेतलं, सही घेतली, मोठ्याने वाचायला लावलं. त्याने वाचलं. मग कुत्र्याला गाडीत बसवून तो गेला, आणि मी एक काम निपटल्याच्या आनंदात कूलरमध्ये पाणी टाकलं.

तीन दिवसांनी सिडकोतून एका काकूंचा फोन. न्यायालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याचा हस्की त्यांच्याकडे राहिला. पंधरवड्यापूर्वी नळाला पाणी आलं, गल्लीत सगळ्यांची मोटर लावायची घाई, त्या धावपळीत फाटक उघडं राहिलं आणि कुत्रा गेला. शेजारणीने आमचं पत्रक दिलं म्हणून फोन.

“डोळे निळे आहेत का?” मी विचारलं.

“नाही गं, तपकिरी आहेत.”

“मग तो हस्की नाहीच, काकू. तुम्हाला फसवलंय.”

“असेल. मुलाने आणला होता. अगं, मोटर लागली ना, की तो मान वर करून सूर लावतो, म्हणजे अगदी—”

“आणि मुळात हे थंड प्रदेशातलं जनावर इथे आणलंच कशाला? तो गेला बंगळुरूला, भोगतंय कोण?”



“फसवलं असेल,” त्या म्हणाल्या, “पण तो कुठे आहे?”

मी म्हटलं, कळवते. मालाम्यूट एकच सापडला होता आणि तो त्याच्या मालकाकडे गेला होता. काकूंचा फोन साधा, बटणांचा. फोटो पाठवता येत नव्हता. पण माझ्या खोलीपासून सिडको स्कूटीवर दहा मिनिटं आहे. फोन समोर धरून विचारता आलं असतं, हा का. मी गेले नाही. वहीत लिहिलं, ‘हस्की (म्हणे), तपकिरी’, आणि वही मिटली.

वही मिटली, पण मी काही स्वस्थ नव्हते. पुढचे चार दिवस काम करताना मध्येच उठायचे, कूलरचं पाणी बघायचे, परत बसायचे. सिग्नलवर पत्रकं वाटताना चौकटीतली ओळ मोठ्याने म्हणायचे आणि म्हणताना आवाज चढायचा. कुणाशी भांडत होते कोण जाणे.

रविवारी गावी, लासूर स्टेशनला, घरी गेले. आमचे अण्णा शेती करतात, पण बाजाराच्या दिवशी लोक त्यांना बैल पारखायला सोबत नेतात. माझ्या पिशवीतलं पत्रक त्यांनी काढलं, ओसरीवर बसून एकेक शब्द तोंडाने म्हणत वाचलं आणि चौकटीपाशी थांबले.

“हे तू लिव्हलंस व्हय?”

“हो.”

“लाल कंधारी बैल कसा असतो?”

“लाल.”

“पांढरा कंधारी कुटं बघितलास?”

“नाही.”

“मंग बाजारात लाल बैल दिसला की त्यो कंधारीच?”

आई आतून म्हणाली, “आता कसं त्वांड बंद झालं.”

“गावठी बैल लाल नसत्यात का?” अण्णा पुढे म्हणाले. “रंग काय नाय ते सांगतो. काय हाय ते नाय सांगत. तुझं कुत्रं निळ्या डोळ्याचं असलं तर ते दुसरं नव्हं, इतकंच कळलं. तपकिरी असलं तर काय कळलं? काय बी नाय.”

“मग ओळखायचं कसं?”

“चालवायचं. उभं जनावर दाखवायचं तेवढंच दाखवतं, मालकावाणी. चालाय लागलं की शेपूट, खांदा, पाय, समदं बोलाय लागतं.”

मी फोन काढून पुन्हा ते सगळं वाचलं. हस्कीचे डोळे निळे असतात, तपकिरी असतात, एक निळा एक तपकिरीही असतो. ही ओळ मी आधी वाचली होती. पत्रकात बसत नव्हती म्हणून सोडली होती. पुढे सगळं होतंच. हस्कीचे कान डोक्यावर जवळजवळ, मालाम्यूटचे एकमेकांपासून लांब, बाजूला. हस्कीची शेपूट निवांत चालताना कोल्ह्यासारखी खाली, खुशीत असला की विळ्यासारखी वर. मालाम्यूटची पिसाऱ्यासारखी पाठीवर आलेली. हस्की एकट्याने उचलता येतो. मालाम्यूट उचलायला दोघं लागतात.

आठवलं ते एवढंच, की टाकीखालून रिक्षात त्याला मी एकटीने उचलून ठेवलं होतं.

भाकरी हातात घेऊनच स्टेशनावर आले. गाडीला वेळ होता. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत काकूंना फोन लावला.

“काकू, चालताना त्याची शेपूट कुठे असते?”

“शेपूट?” त्यांना वाटलं असेल ही पोरगी वेडी आहे. “खाली. कोल्ह्यासारखी. मुलगा दारात आला की मात्र वर, विळा करून. सापडला का गं?”

“कळवते,” मी पुन्हा म्हटलं, आणि माझं मलाच ते ऐकवेना.

मग ठेकेदाराला. तो मजेत होता. “बरा हाय मॅडम, एकदम ओके. फक्त मोटर लागली की रडतो. तोंड वर करून असं आ-ऊ-ऊ. सोसायटीवाले बोंबलायलेत. आणि उकडतंय ना त्याला, म्हणून आज केस काढायलोत. माणूस आलाय मशीन घेऊन.”

“थांबवा त्याला.”

“अहो, तुम्हीच म्हणालात थंड ठेवा.”

मी म्हणाले होते. त्या केसांच्या दोन थरांनी बाहेरचं ऊनही अडतं, कातडं उघडं पडलं की भाजतं, हे पत्रकात नव्हतं. तेही बसलं नव्हतं. “मी येतेय, हात लावू नका,” एवढं म्हणेपर्यंत गाडी आली आणि तिच्या आवाजात त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे. परत लावला तर तो उचलेना. डब्यात बसायला जागा होती, मी दारापाशी उभी राहिले. गाडी प्रत्येक ठिकाणी थांबत होती. थांबायलाच निघाली होती जणू.

स्टेशनवरून स्कूटी काढली ती थेट चिकलठाण्याला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुत्रा स्टुलाला बांधलेला, एक माणूस मशीन चालवत होता. खांद्यापासून कमरेपर्यंत एक पट्टा काढून झाला होता, नांगराने शेतात पाडलेल्या पहिल्या तासासारखा. खाली गुलाबी कातडं.

मी जाऊन मशीनची वायरच उपटली.

“काय झालं मॅडम?” ठेकेदार लिफ्टमधून बाहेर आला. घरातल्या बनियनवर.

“हा तुमचा नाही. हस्की आहे.”

“आता? आठ दिवसांनी? डोळे बघा की त्याचे.”

“डोळ्यांचं चुकलंय.”

“कुणाचं?”

पत्रकाचं, असं म्हणायला जीभ वळली होती. छापखान्याचं म्हटलं असतं तरी त्याला खरं वाटलं असतं.

“माझं,” मी म्हटलं.

मी कुत्र्याला सोडवून पार्किंगच्या लांबीभर चालवलं. शेपूट खाली, कोल्ह्यासारखी. कान जवळजवळ, मध्ये जेमतेम दोन बोटं. परत आणलं आणि एका दमात उचलून धरलं. ठेकेदार बघत होता. “आमच्या वॉचमनला तो मालाम्यूट गाडीतून उतरवताना हेल्पर लागला होता,” तो हळूच म्हणाला. मला नव्हे, स्वतःलाच.

तेवढ्यात टँकर आला आणि कुणीतरी सोसायटीची मोटर लावली. माझ्या हातातल्या कुत्र्याने मान वर केली आणि सूर लावला, असा की मशीनवाल्याने कानावर हात ठेवले. मी काकूंना फोन लावला आणि काही न बोलता त्याच्या तोंडापाशी धरला. सूर संपल्यावर कानाला लावला.

“पत्ता सांग,” काकू म्हणाल्या. “मी रिक्षा करते.”

रिक्षा येईपर्यंत ठेकेदार वर गेला आणि शर्ट घालून खाली आला. हातात माझं पत्रक आणि पेन.

“तेव्हा तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलं होतं. आता तुम्ही द्या. चुकलं म्हणून.”

त्याचं बरोबर होतं, आणि म्हणून मला त्याचा राग आला. आलेला राग घेऊनच स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं: ‘चौकटीतली ओळ चुकीची आहे. तपकिरी डोळ्यांचाही हस्की असतो. या ओळीवरून मी एकाचा कुत्रा दुसऱ्याला दिला.’ खाली सही.

“वाचा,” तो म्हणाला.

मी वाचलं. मशीनवाला, टँकरचा ड्रायव्हर, वरच्या गॅलरीतल्या दोन बायका, सगळ्यांसमोर. इतक्या सभांत बोलले, पण या तीन ओळी संपता संपेनात.

काकू आल्या त्या ओला टॉवेल आणि जुनी चादर घेऊन. बारीक, ताठ बाई. कुत्र्याची शेपूट विळा होऊन वर गेली आणि तो त्यांच्या पायांवर पडला. त्यांनी टॉवेल त्याच्या पाठीवर टाकायला घेतला आणि हात थांबला.

“हे कुणी केलं?”

मशीनवाला वायर गुंडाळत राहिला.

“माझ्याकडून झालं, काकू,” ठेकेदार म्हणाला. त्याला माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं. दाखवलं नाही. मी मध्ये पडून सगळं सांगितलं, पत्रकापासून.

काकूंनी ऐकून घेतलं. “त्या दिवशी फोनवर बोललीस ती तूच का?”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. तेवढंच. कुत्र्याला घेऊन त्या रिक्षात बसल्या. आजपर्यंत मला पुष्कळ लोकांनी शिव्या दिल्या आहेत, त्या एका ‘बरं’ इतकी कुठलीच टोचलेली नाही.

रिक्षा वळली आणि ठेकेदार तिथेच उभा राहिला.

“मग माझा कुठंय, मॅडम?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या ओळीने त्याला कुत्रा मिळाला होता, म्हणून त्याने शोधणं थांबवलं होतं. आठ दिवस. या उन्हात तो दुसरा, जड, पाठीवर शेपूट टाकून चालणारा, कुठेतरी फिरत होता आणि त्याला शोधणारं कुणीही नव्हतं.

स्कूटीवर मागे बसून तो निघाला. जालना रोडच्या कडेने, एकेका टपरीवर थांबत. पिशवीत उरलेली पत्रकं होतीच. चौकटीवर पेनाने काट मारून कोपऱ्यात त्याचा नंबर लिहून द्यायचा. पहिल्या दोन टपऱ्यांवर मी बोलले.

“तुम्ही नका सांगू,” तिसरीपाशी तो म्हणाला. “तुम्ही भाषण देता. लोक चहा सोडून पळायलेत.”

मग तोच सांगू लागला. शेपूट पाठीवर, पिसाऱ्यावाणी. कान एकमेकांपासून लांब. वजन एवढं की उचलायला दोन माणसं. हाताने दाखवायचा, शेपटीला मनगट वळवायचा. पंधरा दिवसांच्या मालकाला आता आपला कुत्रा नीट माहीत झाला होता.

आज हे लिहितेय तोवर तो सापडलेला नाही. आम्ही अजून जातो, रविवारी बहुतेक. रस्त्यात कुठलंही मोठं कुत्रं दिसलं की मी आधी त्याच्या शेपटीकडे बघते आणि ते चालायची वाट बघते. नवं पत्रक छापायचं राहिलंय. छापखान्याच्या काकांनी दोनदा विचारलं.

त्या पहिल्या दिवशी, विमानतळाच्या अलीकडच्या शेवटच्या टपरीवर, चहावाल्याने सगळं ऐकून घेतलं, काट मारलेला कागद उलटसुलट बघितला.

“आन् डोळे कसे व्हते?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“तपकिरी,” ठेकेदार म्हणाला, “पण त्यावरून कळत नाय.”